महाराष्ट्री, मराठी आणि वयाचा हिशेब

३ ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मंत्रिमंडळ निर्णयात अभिजात दर्जासाठी पाच भाषांची नावे होती: मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली. मराठी आणि प्राकृत ही दोन नावे शेजारी ठेवून पाहिली की गुंता लक्षात येतो. मराठी किती जुनी हे दाखवण्यासाठी जो पुरावा मांडला जातो, त्यातला बराचसा प्राकृतातला आहे. म्हणजे गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहाच्या गाथा एकाच दिवशी दोन खात्यांवर जमा झाल्या.

असे का झाले, ते निकषात आहे. २००४ मध्ये तमिळला दर्जा देताना अट हजार वर्षांहून जुन्या साहित्याची होती. पुढच्याच वर्षी ती दीड ते दोन हजार वर्षांवर नेली गेली. अट हजारावरच राहिली असती, तर मराठीला आपल्या शिलालेखांवर निदान दावा तरी मांडता आला असता. दीड-दोन हजार म्हटल्यावर मागे जायला एकच वाट उरली: महाराष्ट्री प्राकृत हीच जुनी मराठी, असे म्हणायचे. २०१३ मध्ये गेलेल्या राज्याच्या प्रस्तावाचा कणा हाच आहे.

आता हे ‘महाराष्ट्री’ नाव. दंडीच्या काव्यादर्श या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात ‘महाराष्ट्राश्रयां भाषां प्रकृष्टं प्राकृतं विदुः’ (महाराष्ट्रातली भाषा ती उत्तम प्राकृत मानतात) असे सरळ म्हटले आहे, त्यामुळे नाव प्रदेशावरूनच आले याबद्दल फारसा वाद नसावा असे वाटते. पण ग्रंथांत दिसते ती साहित्याची, आणि त्यातही रंगभूमीची, भाषा. संस्कृत नाटकात नायिका गद्य बोलते शौरसेनीत, म्हणजे मथुरेकडच्या प्राकृतात, आणि पद्य गाते महाराष्ट्रीत, मग ती नायिका कुठलीही असो. दोन स्वरांमधली व्यंजने गळून जाणे ही या भाषेची खूण. ‘गत’चे शौरसेनीत ‘गद’, महाराष्ट्रीत ‘गअ’; खुद्द ‘प्राकृत’ शब्दाचे ‘पाउअ’. गायला सोयीचे, पण गावात कोणी इतके स्वर जोडून बोलत असेल का, ही शंका रास्त आहे. विसाव्या शतकात याच शंकेवरून असाही पक्ष मांडला गेला की महाराष्ट्री ही वेगळ्या प्रदेशाची बोली नव्हेच, ती शौरसेनीचीच पुढची पायरी आहे.

या पक्षाला उत्तर नावावरून देता येत नाही, ध्वनींवरून द्यावे लागते. त्याची रीत ठरलेली आहे. आधी तत्सम शब्द बाजूला काढायचे, कारण ‘क्षेत्र’ किंवा ‘अग्नी’ मराठीने संस्कृतातून जसेच्या तसे उचलले. त्यांच्यावरून वंश कळत नाही. उरलेल्यांतून शरीर, शेती, नाती, आकडे यांचे रोजचे शब्द घ्यायचे आणि शेजारच्या भाषांतल्या शब्दांसमोर ओळीने मांडायचे. हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, दुग्ध–दुद्ध–दूध या साखळ्या सगळ्यांना पाठ असतात, पण त्या इथे कामाच्या नाहीत. हिंदीतही हाथ, सात, दूधच आहेत. त्यांनी मराठी वेगळी पडत नाही.

वेगळी पडते ती ‘क्ष’वर. हिंदीत खेत, मक्खी, ईख, कोख. मराठीत शेत, माशी, ऊस, कूस. म्हणजे हिंदीकडे ‘क्ष’चा ख झाला आणि आपल्याकडे आधी छ (छेत्त, मच्छिआ, उच्छु) आणि मग त्या छचा स. ही दुसरी पायरी ‘क्ष’शी संबंध नसलेल्या शब्दांतही तशीच दिसते: छह–सहा, पूछना–पुसणे, मच्छ–मासा. पुढे इ किंवा ए आला की स चा श होतो, म्हणून मासा पण माशी, ऊस पण शेत. ध्वनिनियम म्हणतात तो हा: एकाच परिस्थितीत सगळीकडे तोच बदल. मराठी शब्दात छ दिसला की तो संस्कृतातून किंवा परप्रांतातून आला का, हे आधी तपासायचे. छंद आणि छत्र सरळ तत्सम आहेत.

नियम मोडणारे शब्दही आहेत. खीर, खार, राख यांत आपल्याकडेही ख आहे आणि हिंदीत ऋक्षाचा रीछ आहे. प्राकृतातच दोन्ही रूपे शेजारीशेजारी होती आणि शब्द बोलीबोलींत फिरत होते. त्यामुळे पाच शब्दांवर निकाल देणे धोक्याचे. कल कुठे आहे ते यादी लांबल्यावरच दिसते.

व्याकरणातले दोन दुवे मला शब्दांपेक्षा भक्कम वाटतात. महाराष्ट्रीतला ‘काऊण’ आणि आपला ‘करून’, यांतला ऊन. आणि बाराव्या शतकातल्या प्राकृत व्याकरणात नोंदलेली ‘तुम्हेच्चय’, ‘अम्हेच्चय’ ही रूपे, म्हणजे तुमचा, आमचा. शब्द उसने घेतले जातात. असे प्रत्यय सहसा घेतले जात नाहीत.

मधल्या काळाचा पुरावा विरळ आहे. ७७९ मध्ये राजस्थानातल्या जालोरला लिहिलेल्या कुवलयमाला या प्राकृत कथाग्रंथात बाजारातले मरहट्ठे ‘दिण्णले, गहिल्ले’ म्हणताना दाखवले आहेत: दिले, घेतले. ल-प्रत्ययाचा भूतकाळ तेव्हा परक्याच्या कानालाही खटकण्याइतका ठळक झालेला होता. मात्र हा ल बंगालीतही आहे (गेलो), म्हणून त्यावरून मराठी आणि बंगालीला सख्ख्या बहिणी ठरवण्याची घाई करू नये. मूळ ‘इल्ल’ प्राकृतात सर्रास होता.

नाणेघाटाचा सातवाहनकालीन लेख या चर्चेत नेहमी येतो, ‘महारठि’ या शब्दासाठी. पण तिथे ती एका पुरुषाची पदवी आहे, भाषेचे नाव नाही. शिवाय त्याच लेण्यातल्या ‘सिमुक सातवाहनो’ या अक्षरांत क आणि त दोन्ही शाबूत आहेत; साहित्यातल्या महाराष्ट्रीत हे चालले नसते. लेखाची भाषा प्राकृत खरी, पण गाथांची महाराष्ट्री नव्हे.

मराठी म्हणून ओळखू येणारी वाक्ये त्यानंतर हजारेक वर्षांनी दगडावर येतात, आणि पहिले कोणते याचा वाद सुटलेला नाही. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या मूर्तीजवळ कोरलेल्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ या ओळीला ९८३ हे साल वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांत दिले गेले. ओळीवर साल नाही. ते मूर्तीच्या काळावरून घेतलेले आहे. तिच्याच जोडीची ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’ ही ओळ बाराव्या शतकातल्या बांधकामाची आहे, आणि दोन्ही ओळी एकदमच कोरल्या गेल्या असतील तर पहिलीचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक घटते. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिळेवर शके ९३४ वाचले गेले, म्हणजे ७८ मिळवून १०१२. दुसरे वाचन जवळपास दोनशे वर्षे पुढचे आहे. आकडे झिजलेले आणि कोकणच्या शिलाहार घराण्यात केशिदेव नावाचे राजे एकाहून अधिक, म्हणून राजाच्या नावानेही निकाल लागत नाही. अशा वेळी शक, संवत्सराचे नाव आणि वार एकमेकांशी जुळतात का ते पाहायचे. साठ संवत्सरांच्या फेऱ्यामुळे चुकीचा आकडा बऱ्याचदा तिथे पकडला जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या लेखात शके ९४० आहे, म्हणजे १०१८, आणि शेवटी ‘वाछि तो विजेया होईवा’: वाचील तो विजयी होवो.

हस्तलिखितांत वेगळाच त्रास. ज्ञानेश्वरी १२९० ची, पण तिची प्रत शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केली. त्याआधी आणि नंतरही नकलणारे आपापल्या काळाची रूपे घालत आले. तेराव्या शतकाचे व्याकरण सांगताना आधी कोणत्या प्रतीतले रूप ते सांगावे लागते.

१९५० च्या दशकात शंभर मूळ शब्दांची यादी घेऊन, हजार वर्षांत त्यांपैकी ८६ टक्के टिकतात असे धरून भाषांचे वय काढायची पद्धत निघाली. ती मराठीला लावून पाहावी: यादीत रक्त आहे, पक्षी आहे, आणि आपल्याकडे दोन्ही तत्सम. बदललेले मोजायचे की टिकलेले?

जुलै २०२४ मध्ये निकष पुन्हा बदलले. साहित्यपरंपरा मूळची हवी, दुसऱ्या भाषकांकडून उसनी नको, ही अट गेली. अभिजात भाषा तिच्या आजच्या रूपाहून वेगळी असू शकते, हे कलम मात्र राहिले. मराठीचा मार्ग त्यातून मोकळा झाला. गोव्यात त्याच सुमारास जो प्रश्न विचारायला हवा होता तो फारसा कोणी विचारला नाही: ऊस आणि शेत कोंकणीतही ऊस आणि शेतच आहेत, मग महाराष्ट्रीचा वारसा एकट्या मराठीचा कसा?