विरोधकाला बोलू देण्याचा नियम आला कुठून?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली की कंपनीचा जनसंपर्क अधिकारी पुढच्या रांगेत वही उघडून बसतो. गावकरी तावातावाने बोलतात, तो मान डोलावत टिपून घेतो. हे सौजन्य मुख्यतः कायद्याने शिकवलं आहे. व्यवसायाच्या आचारसंहितेत ते आधीपासून होतं, पण कागदावरच.

जनसंपर्काच्या नीतीची गोष्ट बहुतेक वेळा आयव्ही ली या अमेरिकन माणसापासून सांगतात. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांचं काम करताना त्याने वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला. आमचं काम उघड चालेल, माहिती अचूक असेल, ती पडताळून पाहायला आम्ही मदत करू, असा त्याचा आशय. पुढे १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर हल्ला झाला. मेलेल्यांत बायका-मुलंही होती. रॉकफेलर कुटुंबाच्या बाजूने पत्रकं काढायचं काम लीकडेच आलं. त्यातली बरीच माहिती चुकीची निघाली, आणि खाणवाल्यांनी दिलेले तपशील आपण स्वतः तपासले नव्हते, हे त्याला चौकशी आयोगापुढे कबूल करावं लागलं. मुळात त्याच्या जाहीरनाम्यात संपावर गेलेल्या माणसाचं म्हणणं ऐकण्याबद्दल काही नव्हतंच. सगळी भाषा मालक आणि संपादक यांच्यातली.

ती उणीव १९६५ च्या अथेन्स संहितेने, म्हणजे जनसंपर्कवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेने, भरून काढली. संबंधित सर्व पक्षांना आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे आणि खऱ्या संवादाला पोषक वातावरण तयार करणं हे जनसंपर्कवाल्याचं काम आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ मध्ये स्थापन झाली आणि २१ एप्रिल १९६८ ला दिल्लीच्या परिषदेत तिने ही संहिता स्वीकारली. त्या तारखेला अजूनही राष्ट्रीय जनसंपर्क दिन साजरा होतो. मात्र जो सोसायटीचा सभासद नाही त्याला ही संहिता लागू नाही. तिकडे ब्रिटनमध्ये बेल पॉटिंजर या बड्या कंपनीला २०१७ मध्ये व्यावसायिक संघटनेने बाहेर काढलं. दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणारा प्रचार केल्याचा ठपका होता, आणि तक्रार केली होती तिथल्या विरोधी पक्षाने. कंपनी त्याच महिन्यात बुडाली. असं उदाहरण विरळाच.

आता खाडीच्या या बाजूला येऊ. ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा उभा राहिला तो एमआयडीसी या सरकारी औद्योगिक महामंडळाच्या जमिनींवर. पुढे १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांवर नव्या शहराचा आराखडा पडला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हरकतीची सोय होती, पण ती सरकारी अधिकाऱ्यापुढे आणि जमिनीत हितसंबंध असणाऱ्यापुरती. खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याला तिथे जागाच नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतर आली. इथल्या जुन्या आगरी घरांत ‘साडेबारा टक्के’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

जनसुनावणी त्याहून उशिरा आली. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ ची, त्यात सुनावणी बंधनकारक झाली १९९७ मध्ये, आणि आजचा साचा २००६ चा. किमान ३० दिवस आधी सूचना, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, सगळ्याचं चित्रीकरण. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. माझ्या मते खरी धार या शेवटच्या अटीत आहे. प्रकल्पाचा सारांश-अहवाल मराठीत छापला तरी तो चकचकीतच असतो. पण आपण धुराबद्दल, सांडपाण्याबद्दल काय बोललो हे अधिकारी माईकवर वाचतो, आणि एखादा मुद्दा गळला तर मागच्या रांगेतून लगेच आवाज उठतो, ‘साहेब, माझं लिहिलंच नाही!’ कंपनीला त्या हरकतींची उत्तरं अंतिम अहवालात द्यावी लागतात. मतदान मात्र नसतं. सगळ्यांनी विरोध केला तरी प्रकल्प आपोआप थांबत नाही, आणि लोक चिडतात ते इथेच. त्यात नव्या अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्यात सूचनेची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता. त्यावर देशभरातून हरकतींचा पाऊस पडला.

शेअर बाजारातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना आता २०२२-२३ पासून सेबी या बाजार नियंत्रकाच्या नमुन्यात जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात तक्रारींचा तक्ता आहे आणि पहिलीच ओळ स्थानिक समुदायांची. वर्षात किती आल्या, किती प्रलंबित राहिल्या, हे भरायचं. आकडा ठरतो कंपनीच्या स्वतःच्या आवक नोंदीवरून. गेटवर मोर्चा आला, निवेदन सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये पडून राहिलं, पोचपावती कोणी मागितली नाही, तर त्या ओळीत शून्यच छापलं जाईल.