ग्लॅडिएटर: वाफेच्या हट्टातून निसटलेलं विमान

ग्लॅडिएटर हे ब्रिटिश हवाईदलाचं शेवटचं दुपंखी लढाऊ विमान. पहिल्या महायुद्धातल्या पूर्वजांबद्दल भरपूर लिहून झालंय. मुद्द्याची सुरुवात होते ती ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या एफ. ७/३० या नव्या लढाऊ विमानाच्या मागणीपत्रकापासून. मागणी अशी: ताशी २५० मैलांचा वेग, चार मशिनगन (तोवर दोनच असत), दिवसाबरोबर रात्रीही उपयोग आणि त्यासाठी उतरतानाचा वेग कमी.

घोडं अडलं इंजिनावर. गॉसहॉक इंजिन वापराच, असं मागणीपत्रकात म्हटलेलं नव्हतं; पण मंत्रालयाचा कल सगळ्यांना ठाऊक होता, आणि सरकारी कंत्राटाच्या धंद्यात कल म्हणजे हुकूमच. हे इंजिन थंड ठेवण्याची रीत अशी: त्यात पाणी उकळू द्यायचं, वाफ पंखातल्या कंडेन्सरमध्ये (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागात) न्यायची, तिचं पाणी झालं की परत इंजिनाकडे. वरच्या पंखात कंडेन्सर असेल तर पाणी आपसूक खाली येई. पण सुपरमरीन कंपनीच्या टाइप २२४ या एकपंखी विमानात कंडेन्सर इंजिनाच्या खाली गेले, पंप लावावे लागले, आणि ते उकळतं पाणी पंपातच पुन्हा वाफ होऊ लागलं. विमान वर चढवताना इंजिन इतकं तापे की वैमानिकाला मध्येच विमान सरळ करून इंजिन थंड होऊ द्यावं लागे. लढाऊ विमानाचं याहून हसं ते काय व्हायचं! कागदावर सुबक दिसणाऱ्या या कल्पनेपायी दोन-तीन वर्षं वाया गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्लॅडिएटरच्या कंपनीने, ग्लॉस्टरने, हा नाद केला नाही. हाताशी गॉन्टलेट हे तिचं आधीचं दुपंखी लढाऊ विमान होतं, हवेवर थंड होणारं मर्क्युरी इंजिन होतं. पंखांमधल्या खांबांची बाहेरची जोडी काढून टाकली, चाकांचे पाय सुटसुटीत केले, दोन बंदुका वाढवल्या. सप्टेंबर १९३४ मध्ये हा नमुना स्वखर्चाने उडवला. जुलै १९३५ मध्ये २३ विमानांची ऑर्डर मिळाली. बंद कॉकपिट नंतर आलं.

फेब्रुवारी १९३७ मध्ये पहिली विमानं इंग्लंडमधल्या टँगमिअरच्या हवाईतळावर दाखल झाली, तेव्हा हरिकेन आणि स्पिटफायर या नव्या एकपंखी लढाऊ विमानांची पहिली उड्डाणं होऊन गेली होती. तरी फिनलंड, चीन, ग्रीस, नॉर्वे अशा देशांकडून ती लढली. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेतल्या गोठलेल्या लेस्यास्कोग तळ्यावर तळ ठोकलेल्या ब्रिटिश तुकडीची बहुतेक विमानं जर्मन बाँबहल्ल्यात बर्फावरच संपली. माल्टा बेटावरच्या ग्लॅडिएटरांची ‘फेथ, होप, चॅरिटी’ ही प्रसिद्ध तीन नावं मात्र मागाहून चिकटलेली; तिथे तीनपेक्षा जास्त विमानं होती.