हळदीच्या पेटंटचे दाखले कसे मोजावेत?

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. त्याचा क्रमांक ५४०१५०४. बेळगाव जिल्ह्यातील रायबाग, चिकोडी, अथणी या हळद पिकवणाऱ्या तालुक्यांत कापलेल्या बोटावर हळद दाबायला कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु पेटंट कायद्यापुढे लेखी पुरावा लागतो. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेख सादर केला, आणि १९९७ मध्ये त्या पेटंटमधील दावे फेटाळले गेले. पेटंट गेले, तरी नंतरच्या पेटंटांत त्याचा दाखला, म्हणजे आधीचा दस्तऐवज म्हणून उल्लेख, येत राहिला. हळदीवर किंवा तिच्यातील कर्क्युमिन या घटकावर पुढे काम करणाऱ्याला आधीचे दस्तऐवज सांगावेच लागतात, मग ते पेटंट जिवंत असो वा रद्द झालेले. म्हणून दाखल्यांच्या आकड्यावरून पेटंटची वैधता कळत नाही.

तरीही हा आकडा निरुपयोगी नाही. अर्थशास्त्रज्ञ मॅन्युएल ट्रायटेनबर्ग यांनी १९९० मध्ये सीटी स्कॅनरच्या पेटंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसती पेटंटे मोजली तर त्या संशोधनाचे समाजाला झालेले मोल दिसत नाही, मात्र प्रत्येक पेटंटला मिळालेल्या दाखल्यांनुसार वजन दिले तर त्या मोलाशी चांगला मेळ बसतो, असे त्यांना आढळले. तेव्हापासून असे मोजमाप संशोधनात रूढ झाले. आज ते घरबसल्या करता येते, आणि घोळही तिथेच सुरू होतो.

गूगल पेटंट्स या पेटंट शोधण्याच्या संकेतस्थळावर ‘यूएस’ अक्षरांपुढे हळदीच्या पेटंटचा क्रमांक टाकला की पानाच्या खालच्या भागात दोन वेगळ्या याद्या दिसतात. पहिलीत या पेटंटने ज्यांचा आधार नोंदवला ते जुने दस्तऐवज असतात, तर ‘सायटेड बाय’ या दुसऱ्या यादीत ज्यांनी याचा दाखला दिला ते नंतरचे दस्तऐवज. आपल्याला मोजायची असते ती दुसरी. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेट या संकेतस्थळावरही अशीच सोय आहे, आणि द लेन्स या ऑस्ट्रेलियातील विनामूल्य संकेतस्थळावर पेटंटांची यादी दाखल्यांच्या संख्येनुसार लावून उतरवून घेता येते. या तिन्ही ठिकाणचे आकडे जुळतीलच असे नाही. प्रत्येकाचा साठा वेगळा, आणि कशाला एक दाखला म्हणायचे याचा नियमही वेगळा.

सर्वांत मोठी गफलत पेटंट-कुटुंबामुळे होते. एकाच शोधासाठी अमेरिका, युरोप, जपान असे अनेक ठिकाणी अर्ज केले जातात. शिवाय अमेरिकेत २००० सालच्या अखेरीपासून दाखल झालेले बहुतेक अर्ज मंजुरीआधीच प्रसिद्ध होत असल्याने, अर्ज आणि मंजूर पेटंट असे दोन दस्तऐवज निघतात. एका शोधाच्या या सगळ्या दस्तऐवजांचे मिळून एक कुटुंब. हे सगळे सुटे मोजले तर एकाच संशोधकाने दिलेला एक दाखला तीन-चार वेळा मोजला जातो. त्यामुळे यादी कुटुंबांनुसार एकत्र करून मगच मोजणे उत्तम. याला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाखला कोणी दिला, हेही पाहावे लागते. अमेरिकेत अर्जदाराला आपल्याला माहीत असलेली संबंधित माहिती उघड करणे बंधनकारक असल्याने सावध वकील दस्तऐवजांची भली मोठी यादी जोडून टाकतात, त्यांतले कितीतरी नावापुरते. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने स्वतः शोधलेल्या दाखल्यांपुढे गूगल पेटंट्सवर तारांकन असते. युरोपात आधीच्या दस्तऐवजांचा शोध-अहवाल प्रामुख्याने परीक्षकाचा असतो आणि त्यात प्रत्येक दस्तऐवजापुढचे अक्षर बोलके असते: ‘एक्स’ म्हणजे तो एकच दस्तऐवज नव्या दाव्याच्या मुळावर येणारा, ‘वाय’ म्हणजे दुसऱ्या दस्तऐवजाबरोबर घेतल्यास तसाच, आणि ‘ए’ म्हणजे केवळ पार्श्वभूमी. एक ‘एक्स’ आणि एक ‘ए’ यांची सरळ बेरीज करणे मला तरी पटत नाही.

वयाचा हिशेबही धरायला हवा. अर्ज साधारणपणे अठरा महिने गुप्त राहतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या पेटंटला दाखले मिळायला अवधीच मिळालेला नसतो. तुलना करायची ती त्याच वर्षाच्या आणि त्याच तांत्रिक वर्गातील पेटंटांशी. कंपनीने स्वतःच्याच जुन्या पेटंटांना दिलेले दाखलेही बाजूला काढलेले बरे.

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीला साच्याची वाळू पुन्हा वापरण्याच्या पद्धतींचा माग काढायचा असेल, किंवा विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी तो शोध घ्यायचा असेल, तर परदेशी पेटंटांपुरते एवढे पुरते. भारतीय अर्जांचे मात्र वेगळे आहे. आपल्या पेटंट कार्यालयाचा परीक्षक कोणते जुने दस्तऐवज आडवे आले ते पहिल्या परीक्षण अहवालात ‘डी१’, ‘डी२’ अशा खुणांनी लिहितो. तो अहवाल कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांकावरून उघडता येतो, आणि त्यातील दाखले एकेक वाचून हातानेच तक्त्यात उतरवावे लागतात.