अडलं की काय करता?

धान्य साठवणाऱ्या किंवा अन्नपदार्थ बनवणाऱ्या कारखान्यात सुरक्षा तपासणीला गेलो की मी फायली नंतर बघतो. आधी मशीनच्या मागे डोकावतो. तिथे बहुधा एक काठी उभी असते. कधी लोखंडी सळई, टोकाला वाकवून आकडा केलेली. कधी झाडूचा दांडा, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. ही काठी खरेदीच्या यादीत नसते आणि कामाच्या लेखी पद्धतीतही नसते. ती कामगारांनी स्वतः केलेली असते आणि तिचा अर्थ सरळ आहे: हे मशीन अडतं, वारंवार अडतं, आणि कुणीतरी ते चालू ठेवूनच मोकळं करतं. दांडा किती झिजलाय यावरून किती वेळा, तेही कळतं.

मशीन सुरळीत चाललेलं असताना धोका कमी असतो, कारण माणूस त्यापासून लांब उभा असतो. मशीन अडलं, तुंबलं, साफ करायची वेळ आली की तो जवळ जातो, हात घालतो, आत उतरतो. पाय घसरणं, पाठ धरणं या नेहमीच्या दुखापती मोजायला गेलं तर संख्येने जास्त भरतील. त्यांचे उपायही माहीत आहेत, फक्त करायचे असतात. जिवावर बेतणारे अपघात मात्र बऱ्याचदा या अडलेल्या दहा मिनिटांतले असतात.

सायलोचंच घ्या. सायलो म्हणजे धान्याचं उंच, गोल कोठार. तळाशी मधोमध तोंड असतं आणि तिथून ऑगर, म्हणजे फिरता स्क्रू, धान्य बाहेर ओढतो. धान्य सगळीकडून सारखं खाली सरकेल असं आपल्याला वाटतं. पण तळाच्या तोंडावरचा धान्याचा मधला खांबच तेवढा खाली जातो आणि वरच्या पृष्ठभागावर नरसाळं तयार होतं. कडेचं धान्य त्या नरसाळ्यात घरंगळत येतं. तिथे उभा असलेला माणूसही.

हिशेब करून पाहू. तासाला 100 टन उपसणारा ऑगर सेकंदाला साधारण 28 किलो धान्य नेतो. एक घनमीटर गव्हाचं वजन सुमारे 770 किलो धरलं, तर हे झाले सेकंदाला 36 लिटर. 70 किलोच्या माणसाचं आकारमान 70 लिटरच्या आसपास असतं. म्हणजे दर दोन सेकंदांना एका माणसाएवढी जागा तळातून रिकामी होते आहे. नरसाळं रुंद असल्यामुळे माणूस काही दोन सेकंदांत बुडत नाही. पण गुडघे रुतायला चार-पाच सेकंद पुरतात आणि तो पूर्ण दिसेनासा व्हायला वीस-पंचवीस. ओरडून ऑगर बंद करायला सांगेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

वाहतं धान्य द्रवासारखं वागतं खरं, पण तरंगू देईल इतकं ते जड नाही. पाण्याचा एक घनमीटर 1000 किलोचा, आपलं शरीरही जवळपास तितक्याच घनतेचं; 770 किलोच्या गव्हात ते खालीच जाणार. आणि ऑगर थांबला की तेच धान्य क्षणात घन होतं. दाण्यादाण्यातलं घर्षण शरीराला चहूबाजूंनी आवळून धरतं. उच्छ्वास सोडला की छातीभोवती जी थोडी जागा होते, तिथेही दाणे सरकतात आणि पुढचा श्वास तेवढा आखूड होतो. दोर बांधून ओढायला जाल तर धान्य सोडत नाही, उलट मणक्याला इजा होते. म्हणून जाणकार बचाव पथकं माणसाला आधी ओढत नाहीत. त्याच्याभोवती पत्र्याच्या फळ्या खोचून एक नळकांडं उभं करतात आणि त्याच्या आतलं धान्य उपसून काढतात.

आता खरा प्रश्न. माणूस तिथे उतरला कशाला? कारण धान्य खाली येईना. आणि ते येईना, कारण ते ओलं राहिलं, त्याला बुरशी लागली, गोळे झाले. कधी वरच्या थराची टणक पापडी होते. खालचं धान्य निघून जातं, पापडी पुलासारखी अधांतरी राहते आणि वरून पाहणाऱ्याला ती भरलेली जमीन वाटते. काठीने ठोकत तिच्यावर दोन पावलं टाकली की पूल कोसळतो. कधी धान्य भिंतीला कड्यासारखं चिकटून राहतं आणि खालून टोचणाऱ्याच्या अंगावर येतं.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अशा दुर्घटनांची अनेक दशकांची नोंद ठेवली जाते. खराब झालेलं धान्य हे त्यांतलं एक प्रमुख कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येतं. त्यामुळे मला हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि दोर दाखवायला घेऊन जाणाऱ्या मालकाला मी आधी धान्याच्या ओलाव्याची वही मागतो. धान्य 13-14 टक्क्यांपर्यंत वाळवून भरलं, हवा खेळती ठेवली, तापमान बघत राहिलं, तर ते अडत नाही. अडलं नाही तर कुणी उतरत नाही. ओलावा मोजायचं यंत्र सुरक्षेच्या साधनांत कुणी धरत नाही, मी मात्र ते पहिल्या क्रमांकावर धरतो. उतरावंच लागलं तर ऑगर बंद करून त्याला कुलूप हवं, आतल्या हवेची तपासणी हवी (मोकळ्या हवेत 20.9 टक्के प्राणवायू असतो, 19.5 च्या खाली गेला की आत जायचं नाही), दोर बांधलेला हवा आणि बाहेर असा एक माणूस हवा, ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही. हे शेवटचं कागदावर नेहमी असतं. प्रत्यक्षात तो माणूस चहा आणायला गेलेला असतो.

दुसरी गोष्ट पिठाची. पिठाला कोण घाबरणार? पण साखरेचा एक सेंटिमीटरचा चौकोनी खडा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच कुटून दशांश मिलिमीटरचे कण केले तर पृष्ठभाग सहाशे चौरस सेंटिमीटर होतो. जळण तेवढंच, पण प्राणवायूला भिडणारी जागा शंभरपट. असे कण हवेत तरंगत असतील, जागा बंदिस्त असेल आणि एखादी ठिणगी पडली, तर जळणं आणि स्फोट यांत फरक उरत नाही.

हे आजचं ज्ञान नाही. 14 डिसेंबर 1785 रोजी इटलीतल्या तुरीन शहरात एका बेकरीवाल्याच्या पिठाच्या कोठारात स्फोट झाला. एक मुलगा दिव्याच्या उजेडात पीठ उकरत होता. ढिगातलं बरंच पीठ एकदम कोसळलं, ढग उठला आणि तो दिव्यावर पेटला. मुलगा भाजला. काउंट मोरोझो यांनी या घटनेचा वृत्तांत लिहून ठेवला. पिठाच्या स्फोटाची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. इथेही पुन्हा तेच: उकरणं, कोसळणं.

किती धूळ म्हणजे धोका? पिठाचा ढग पेटायला घनमीटरमागे साधारण 50-60 ग्रॅम पीठ लागतं. इतक्या दाट ढगात पलीकडचा माणूस दिसणार नाही; तिथे कुणी काम करत बसत नाही. म्हणून लोकांना वाटतं, आपल्याकडे असं काही नाही. पण धूळ हवेत नसली तरी वर बसलेली असते: तुळयांवर, केबलच्या ट्रेवर, दिव्यांच्या टोप्यांवर. एक मिलिमीटर जाडीचा थर धरा. घनमीटरला 500 किलो या हिशेबाने एका चौरस मीटरवर अर्धा किलो पीठ झालं. पाच मीटर उंचीच्या खोलीत ते सगळं उडालं तर घनमीटरमागे 100 ग्रॅम. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट, तेही एका मिलिमीटरमध्ये. पहिला स्फोट मशीनच्या आत, लहानसा होतो. त्याचा धक्का छताखालची धूळ झटकतो आणि इमारत नेणारा असतो तो दुसरा. म्हणून मी शिडी मागतो. तुळईवरून बोट फिरवतो. धुळीखालचा तुळईचा रंग दिसला नाही, तर पुढची चर्चा थांबवून झाडलोटीवर येतो. त्यातही कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून साफ करणारे भेटतात. साफसफाईच्या नावाखाली ते नेमका तो ढगच तयार करत असतात.

7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे इम्पिरियल शुगरच्या कारखान्यात अशाच साखळी स्फोटांत 14 जण गेले. तपासातली एक गोष्ट मला कायम टोचत आली आहे. सायलोंखालच्या भुयारातून साखर वाहून नेणारा पट्टा वर्षभरापूर्वी स्टीलच्या पत्र्यांनी बंदिस्त केला होता, कशासाठी, तर साखरेत काही पडू नये म्हणून. आतली धूळ बाहेर ओढून घेण्याची सोय मात्र त्या आवरणाला नव्हती. उघड्या पट्ट्यावरची धूळ भुयारात पसरून विरळ व्हायची. आवरणात ती साठत गेली. पहिला स्फोट तिथेच झाला आणि तापलेलं बेअरिंग हे त्याचं संभाव्य कारण मानलं गेलं. खाणाऱ्याच्या सुरक्षेसाठी केलेला बदल बनवणाऱ्याच्या जिवावर आला. स्वच्छता विभाग आणि सुरक्षा विभाग एकमेकांचे कागद वाचत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

हाच झगडा मशीनच्या फिरत्या भागांवरच्या संरक्षक जाळ्यांवरही चालतो. अन्नाचं मशीन रोज धुवावं लागतं, म्हणून जाळी रोज काढावी लागते. ती वीस बोल्टांनी बसवलेली असेल तर महिन्याभरात चार बोल्ट उरतात आणि मग एक दिवस जाळी भिंतीला टेकवलेली दिसते. यात कामगाराला शिक्षा करण्यासारखं काही नाही. चूक वीस बोल्ट देणाऱ्याची आहे. जाळी बिजागरीवर हवी, आणि ती उघडली की मशीन आपोआप थांबायला हवं.

तरी धुताना जाळी उघडल्यावर मशीन थांबवणाऱ्या नुसत्या त्या स्विचवर विसंबायचं नाही. मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचं: प्रत्येक माणसाचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. तिघं आत असतील तर तीन कुलपं. दाबाखालची हवा सोडून द्यायची, वर उचललेला भाग खाली टेकवायचा. आणि मग सगळे बाहेर उभे राहून सुरू करायचं बटण दाबायचं. नवी मंडळी इथे हसतात: वीज तोडलीच आहे, मग बटण कशाला? शेजारी-शेजारी चार सारखे स्विच असतात आणि त्यांवरच्या पाट्या धुऊन-धुऊन पुसट झालेल्या असतात. बटण दाबल्यावर पाती फिरली, तर कुलूप शेजारच्या मशीनला लागलेलं असतं.