ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा: कंदिलापासून एलईडीपर्यंत

बैलगाडीच्या आसाखाली टांगलेला कंदील मागून येणाऱ्याला एवढंच सांगायचा की पुढे कोणीतरी आहे. मागचाही बैलांच्याच चालीने यायचा, म्हणून तेवढा उजेड पुरायचा. ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली आणि केळी-कापसाचा माल हमरस्त्यावर आला, तसा हा हिशेब बदलला. खान्देशात तर सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. ताशी २० किलोमीटरने चाललेल्या ट्रॉलीमागे ताशी ६० ने ट्रक येत असेल, तर दर सेकंदाला दोघांमधलं अंतर ११ मीटरने कमी होतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं ठरवलं. या वेगांनी ते अंतर १४ सेकंदांत संपतं. ट्रकवाल्याला ट्रॉली दिसायला आणि ब्रेक लावायला मिळतो तो एवढाच वेळ.

ट्रॉलीला सुरुवातीला जो दिवा लागला तो गाड्यांचाच होता: १२ व्होल्टचा, दोन तारांचा बल्ब. टेलसाठी, म्हणजे मागे सतत पेटणाऱ्या दिव्यासाठी ५ वॉटची तार, ब्रेकसाठी २१ वॉटची. बल्ब उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन पिना वरखाली असतात. बल्ब चांगलाच होता, पण ट्रॉली त्याच्यासाठी वाईट. पाटे नसलेल्या ट्रॉलीत खड्ड्याचा हादरा थेट होल्डरपर्यंत पोचतो आणि तापून मऊ झालेली तार तुटते. शिवाय बल्ब वीज फार खातो. बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत आठ मीटर अर्धा चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर जाऊन-येऊन सोळा मीटर होतात. ब्रेकचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअरचे असले, की त्या वायरीतच दीड-पावणेदोन व्होल्ट गळतात. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, त्यामुळे जवळपास ४० टक्के प्रकाश वाटेतच जातो. ‘लाइट पेटतो, पण दिसत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

लाल एलईडी मात्र रस्त्यावर यायच्या बऱ्याच आधीपासून अस्तित्वात होता. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी तयार केला. कित्येक वर्षं त्याचा उपयोग मुख्यतः यंत्रांवरच्या खुणेच्या बारीक दिव्यांसाठी झाला, कारण दिवसाउजेडी तो नीट दिसत नव्हता. १९९० च्या सुमारास अॅल्युमिनियम, इंडियम, गॅलियम आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणाचे प्रखर लाल-पिवळे एलईडी आले, तेव्हा टेल-लाइट शक्य झाला. पांढरा एलईडी निळ्यापासून बनतो, म्हणून त्याला निळ्याची वाट पाहावी लागली. मागच्या लाल दिव्याला नाही. तार तापून पेटायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, एलईडी लगेच उजळतो. ताशी ६० च्या वेगात हा फरक सुमारे ३.३ मीटरचा आहे.

बोट वाहणाऱ्या ट्रेलरवर तर बल्बची खरी परीक्षा होते. हतनूर धरणाच्या काठावर किंवा सारंगखेड्याला तापीत बोट उतरवायची, तर ट्रेलर उताराने मागे घेत चाकं बुडेपर्यंत पाण्यात न्यावा लागतो. चालवून तापलेला बल्ब थंड पाण्यात गेला की काच तडकते. काच वाचली तरी दिव्यातली गरम हवा आकसते आणि रबरी सीलमधून पाणी आत ओढून घेते. म्हणून बल्बचे दिवे असतील तर पाण्यात जाण्याआधी प्लग काढून दहा मिनिटं थांबावं. एलईडी फारसा तापत नाही, पण प्लग तरीही काढावा. सॉकेट ओलं झालं तर काहीच वाचत नाही.

इथे आयपी आकडा, म्हणजे दिवा धूळ-पाणी किती रोखतो ते सांगणारा आकडा, बघून घ्यावा. आयपी ६५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला तोंड देणारा दिवा, बुडवायचा नाही. आयपी ६७ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपी ६८ त्याहून जास्त, किती ते बनवणारा सांगतो. बुडणाऱ्या दिव्याने प्रेशर-वॉशरचा मारा सोसलाच पाहिजे असं नसतं, ती वेगळी चाचणी आहे. स्क्रूने उघडणारी लेन्स नको. काठ वितळवून जोडलेली किंवा आतून रेझिन भरलेली घ्यावी. पॉलिकार्बोनेट दगड सोसतं, अॅक्रिलिक ऊन सोसतं. दगडगोट्यांच्या रस्त्यावर आमची पसंती अतिनील किरण अडवणारा थर दिलेल्या पॉलिकार्बोनेटला. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि उष्णता हाच एलईडीचा मोठा शत्रू. मागे अॅल्युमिनियमची पट्टी नसलेला स्वस्त दिवा लवकर मंद होतो. १० ते ३० व्होल्ट चालणारा दिवा घेतला, तर सैल टर्मिनलमुळे व्होल्टेज उसळलं तरी बचाव होतो.

मात्र आता बिघाड दिव्यातून निघून वायरीत जाऊन बसला आहे. जुन्या ट्रॉल्यांचं अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, हुकाच्या पिनेतून जायची. तिथे गंज आणि ग्रीस साचला, की इंडिकेटर दिला तरी टेल-लाइट लुकलुकतो, कारण करंट दुसऱ्या दिव्यातून परतीची वाट शोधतो. प्रत्येक दिव्यापासून सॉकेटपर्यंत स्वतंत्र पांढरी अर्थ वायर न्यावी. सात पिनांच्या नेहमीच्या मांडणीत पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी उजवा टेल आणि काळी डावा टेल. सांधा पिळून वर टेप गुंडाळू नये: क्रिंप करून (धातूच्या टोपीत दाबून), आत गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट-श्रिंक नळी चढवावी. वायरीच्या टोकातून पाणी तारांच्या फटींतून वर चढतं, आणि युरिया-खताचा ओलावा तांब्याला हिरवं करतो. कल्हई केलेल्या तारेची वायर थोडी महाग पडते, पण ती घ्यावीच.

एक गोष्ट हमखास घोळ करते. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर दोन २१ वॉट बल्बांच्या भारावर चालतो. एलईडी लावले की तो भरभर फडफडतो किंवा अडकतो. त्यासाठी बल्बाएवढा भार दाखवणारा रेझिस्टर लावतात, पण तो तापतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावणं हाच नीट उपाय.

आणि ट्रॉली शेताच्या बांधाला सोडून ट्रॅक्टर निघून गेला, तर एलईडी कितीही टिकाऊ असो, त्याला वीजच नसते. त्या वेळी येणाऱ्या गाडीचा हेडलाइट परतवणारी लाल रिफ्लेक्टर टेपच ट्रॉली दाखवते. तिच्यावर काळी माती लागली की तीही मुकी होते. म्हणून रस्त्यावर येण्याआधी ओल्या फडक्याने आधी टेप पुसावी, मग दिव्याची काच.