पार्श्वभूमी : हाडांचे तरुण संशोधक आणि वयाची अट

हाडांवर संशोधन करणाऱ्या तरुणांना वेगळा पुरस्कार कशाला, हा प्रश्न धुळे-जळगावच्या डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतो. आपल्याकडे हाडांचा डॉक्टर म्हणजे प्लास्टर, रॉड आणि सांधेबदल. त्याआधीच्या हाडवैद्यांचा आणि बांबूच्या कामट्यांचा इतिहास मोठा असला तरी या पुरस्कारांशी त्याचा संबंध नाही.

संबंध आहे तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका अडचणीशी. हाडाचा अभ्यासक कोणत्याच विभागाचा नव्हता. कॅल्शियमवर काम करणारे हार्मोनवाल्यांत मोडत, कुणी किडनीच्या विभागात, कुणी दंतवैद्यकात, तर कृत्रिम सांधे बनवणारे इंजिनिअरिंगमध्ये. बढती आणि बक्षिसांच्या वेळी प्रत्येक विभाग आधी आपल्या माणसाचा विचार करी. अमेरिकेत १९७७ साली या सगळ्यांची मिळून एक संघटना झाली आणि १९८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. अशा संघटनांच्या अधिवेशनांत नवख्यांना प्रवासखर्च आणि छोटी बक्षिसे देण्याची रीत रुळली, ती प्रामुख्याने त्यांना या विषयात टिकवून धरण्यासाठी.

पुढे नव्वदच्या दशकात विषयच बदलला. १९९७ मध्ये एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा सांगाडा नुसत्या कूर्चेचा निघाला, हाड तयारच झाले नव्हते. त्याच सुमारास, १९९७-९८ मध्ये, हाड झिजवणाऱ्या पेशींना चालना देणारा आणि आवर घालणारा असे दोन्ही रेणू सापडले. २०१० साली त्यातूनच हाडांच्या ठिसूळतेवरचे, दर सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन बाजारात आले. (ते मध्येच बंद केले तर मणके मोडण्याचा धोका वाढतो, हे नंतर कळले.) उंदीर सांभाळणारे, हाडाचे पापुद्रे कापून मायक्रोस्कोपखाली मोजणारे हात मात्र बहुतेक विद्यार्थ्यांचे असतात. शोध प्रमुखाच्या नावावर जमा होतो. तरुणांसाठीच्या पुरस्कारांना वजन आले ते यामुळे.

खान्देशात या विषयाची दोन टोके दिसतात. एक म्हणजे तालुक्याच्या गावी भरणारे ‘हाडांची ठिसूळता तपासणी’ शिबिर. टाचेला जेल लावायचे, पाय मशिनमध्ये ठेवायचा आणि निघालेल्या चिठ्ठीवर हाडाच्या घनतेचा आकडा (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना करून काढलेला) उणे अडीच किंवा त्याखाली असला की बाई घाबरून गोळ्या घेऊन घरी जाते. उणे अडीचची ती रेघ १९९४ मध्ये जागतिक पातळीवर ठरली, पण खुबा आणि मणक्याच्या डेक्सा तपासणीसाठी (एक्स-रेने हाडाची घनता मोजण्याची पद्धत), तीही आधी गोऱ्या, पाळी गेलेल्या बायकांची आकडेवारी समोर ठेवून. टाचेच्या चिठ्ठीला ती लावणे शास्त्राला धरून नाही. दुसरे टोक सातपुड्यात. अक्कलकुवा, धडगावकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. पंचविशीतला पोरगा जांघ दुखते म्हणून येतो, एक्स-रे सुरुवातीला साफ असतो, एमआरआयसाठी धुळे किंवा सुरत गाठावे लागते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. या खुब्यांवर इथे बसून संशोधन करणारा माणूस हवा, यावर दुमत नाही. वाद आहे तो त्याला ‘तरुण’ कधीपर्यंत धरायचे, यावर.

देशात १९५८ पासून दिल्या जाणाऱ्या शांतिस्वरूप भटनागर या विज्ञान पुरस्काराला ४५ वर्षांची अट होती. बाकीचे अनेक पुरस्कार ३५ किंवा ४० वर थांबत. आता धुळ्याच्या मुलाचा हिशेब मांडू. एमबीबीएस आणि इंटर्नशिप, मग शासनाचा एक वर्षाचा बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा), नीट-पीजीच्या एक-दोन खेपा, एमएसची तीन वर्षे, पुन्हा बॉण्ड. तिशी गाठली तेव्हा त्याने प्रयोगशाळा पाहिलेलीही नसते. जळगावच्या विद्यापीठात पीएचडी करणारीची गत वेगळी नाही. तासिका तत्त्वावर शिकवायचे, मानधन कधी येईल याची शाश्वती नाही, सुट्टीत प्रयोग करायचे. २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्याहून दोन, म्हणजे दहापर्यंत मिळतात. म्हणजे मुदत शासन देते आणि वय पुरस्कार मोजतो.

बाहेर बऱ्याच संघटनांनी वय सोडून शेवटच्या पदवीपासूनची वर्षे मोजायला सुरुवात केली. युरोपातल्या एका मोठ्या संशोधन अनुदानात आईला दर मुलामागे दीड वर्षाची सूट मिळते. हा मार्ग निर्विवाद आहे असे नाही. डॉक्टरच्या बाबतीत एमएस हीच शेवटची पदवी धरली तर बॉण्डची वर्षे त्याच्याच खात्यातून वजा होतात. तरीही पीएचडी उशिरा झालेल्याला त्यातून वाट निघते. इथे मात्र आकडा जिथल्या तिथे राहिला. २०२१ च्या भटनागर यादीतल्या ११ जणांत एकही महिला नव्हती, तेव्हा वयाच्या अटीवर बोलणे व्हायला हवे होते. पुढच्याच वर्षी चर्चा भलत्याच गोष्टीवर गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने विविध खात्यांचे सुमारे ३०० पुरस्कार गुंडाळायचे ठरवले. आरोग्य-संशोधन खात्याकडचे बहुतेक त्यात गेले, देणगीदारांच्या ठेवींवर चाललेलेही गेले. पुरस्कार थोडे आणि मोठे असावेत, हा युक्तिवाद दिल्लीत बसून पटतो. जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजातल्या माणसाच्या हाती लागण्याजोगे होते ते लहानच.

२०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान पुरस्कारांची नवी रचना आली. तरुणांचा पुरस्कार २५ जणांपर्यंत, पदक आणि सनद, रोख काही नाही (जुन्या भटनागरला पाच लाख होते). वय तेच, ४५. पहिल्या खेपेला, ऑगस्ट २०२४ मध्ये, १८ तरुणांना तो मिळाला. विषयांची दालने तेरा असली तरी हाडांचा माणूस अजून वैद्यक, जीवशास्त्र की इंजिनिअरिंग यातले एक निवडूनच अर्ज भरतो. एक बदल मात्र चांगला झाला. पूर्वी संस्थाप्रमुखाने किंवा आधीच्या मानकऱ्याने नाव सुचवल्याशिवाय पुढे जाता येत नसे, आता पोर्टलवर स्वतःचे नाव स्वतः भरता येते.