पगार थेट बँक खात्यात: पात्रता, कागदपत्रे आणि रक्कम जमा होण्याची पद्धत

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत, जालन्याच्या पोलाद उद्योगात किंवा लातूरच्या डाळ मिलमध्ये नव्याने कामाला लागणाऱ्या व्यक्तीकडून पहिल्या दिवशी जे कागद भरून घेतले जातात, त्यांत बँक तपशिलाचा अर्ज सर्वांत लहान असतो आणि बहुधा सर्वांत घाईने भरला जातो. पुढचा प्रत्येक पगार त्याच अर्जावरील आकड्यांनुसार जमा होणार असल्याने तो कर्मचाऱ्याने स्वतः भरावा, स्वतः तपासावा आणि त्याची पोच घेतलेली प्रत जवळ ठेवावी.

1936 च्या वेतन प्रदान कायद्यानुसार पगार खात्यात जमा करण्यासाठी पूर्वी कर्मचाऱ्याची लेखी संमती लागत असे. 2017 च्या सुधारणेने ती अट काढून टाकली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा वेतन संहिता, 2019 ने घेतली आहे. जुन्या कायद्याचे संरक्षण महिना 24,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांपुरते होते, संहितेत मात्र वेतन देण्याच्या तरतुदींना अशी मर्यादा नाही. त्यामुळे कायम, हंगामी किंवा कंत्राटदारामार्फत आलेला, असा कोणताही कर्मचारी खात्यात पगार घेऊ शकतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे वेतन सेवार्थ प्रणालीतून निघते, त्यांची पद्धत वेगळी आहे.

खाते उघडण्यासाठी आधार कार्ड, पॅन कार्ड (ते नसल्यास तसे घोषणापत्र) आणि छायाचित्र लागते. आस्थापनेकडे पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश द्यावा लागतो आणि पूर्वी कुठे नोकरी केली असल्यास भविष्य निर्वाह निधीचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा सदस्य क्रमांक) व कर्मचारी राज्य विम्याचा क्रमांकही कळवावा लागतो. कंपनीचा ज्या बँकेशी करार असतो, तिथेच खाते उघडायला अनेकदा सांगितले जाते. त्यात सोय असते, कारण अशा पगार खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. तथापि विशिष्ट बँकेचेच खाते हवे, असे संहितेत म्हटलेले नाही. जनधन खातेही चालते, पण ते पूर्ण केवायसी (ओळख व पत्त्याची पडताळणी) झालेले असावे. केवायसी अपूर्ण असलेल्या ‘छोट्या खात्यात’ एका वेळी 50,000 रुपयांहून अधिक शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही, त्यामुळे काही महिन्यांनी पगार अडकण्याची शक्यता असते.

आता प्रत्यक्ष रक्कम कशी येते ते पाहू. कंपनीचा लेखा विभाग खाते क्रमांक, आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) आणि देय रक्कम यांची यादी आपल्या बँकेकडे पाठवतो. बँक ती एनईएफटीने (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत रक्कम पाठवण्याची इलेक्ट्रॉनिक पद्धत) किंवा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, एकाच वेळी अनेक खात्यांत रक्कम जमा करणाऱ्या नॅच प्रणालीतून पुढे पाठवते. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते आणि नॅच 1 ऑगस्ट 2021 पासून सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे ‘रविवार आला म्हणून पगार झाला नाही’ हे कारण आता टिकत नाही. या व्यवहारांत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नावाची जुळणी करून नव्हे. एक अंक चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वात असले, तर पगार परक्या खात्यात जातो आणि तो परत मिळवण्यास बराच काळ लागतो. तसे खातेच नसेल, तर रक्कम पाठवणाऱ्याकडे परत येते. आयएफएससीचे अकराही वर्ण पासबुकावरून पाहून लिहावेत, मात्र पासबुक जुने नाही याची खात्री करावी. मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या शाखा मोठ्या संख्येने होत्या आणि ती बँक 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्या काळातील पासबुकावरचा संकेतांक आता उपयोगाचा नाही.

खाते कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावाचे असावे, ही गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. कामावर जाणाऱ्या स्त्रीचा पगार पतीच्या किंवा भावाच्या खात्यात वळवणे, किंवा उचल दिली म्हणून मुकादमाने अथवा कंत्राटदाराने मजुराचे एटीएम कार्ड आणि पिन आपल्याकडे ठेवणे, हे कोणत्याही सबबीखाली मान्य करू नये. पगार कागदावर पूर्ण दिसतो आणि हातात अपुरा येतो, तो अशाच व्यवस्थेमुळे. शिवाय बँकेची नोंद कंत्राटदाराच्या बाजूने बोलत असल्याने नंतर तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

जमा झालेली रक्कम ठरलेल्या पगारापेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के, लागू असल्यास राज्य विम्याचे 0.75 टक्के आणि व्यवसाय कर (दहा हजारांवरील पगारावर पुरुषांसाठी महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300, स्त्रियांना 25,000 रुपयांपर्यंत माफ) वजा होतात. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. वेतनचिठ्ठी मागून घ्यावी आणि पासबुकातील नोंदीशी ताडून पाहावी.

मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे आणि नोकरी सोडल्यास किंवा कामावरून काढल्यास दोन कामकाजी दिवसांत हिशेब पूर्ण झाला पाहिजे. पगार न आल्यास आधी लेखा विभागाकडून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा स्वतंत्र संदर्भ क्रमांक) घ्यावा, कारण रक्कम निघालीच नाही की वाटेत अडकली, हे त्यावरून बँक सांगू शकते. रक्कम निघालीच नसेल तर आस्थापनेकडे लेखी मागणी करावी. कंत्राटदाराने पगार थकवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तरीही दाद न मिळाल्यास कामगार आयुक्त कार्यालयाच्या आपल्या जिल्ह्यातील शाखेत जावे आणि संहितेखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा. त्या अधिकाऱ्याला थकीत रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश काढता येतो. दाव्यासोबत वेतनचिठ्ठ्या, खाते उतारा, ओळखपत्र आणि पोच घेतलेल्या अर्जाची प्रत जोडावी.